वाचक विचारतात : सूर्यासारख्या ताऱ्यांच्या रेडिओ लहरी

सूर्याच्या जातीच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरींबद्दल आलेल्या प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत. बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: ‘रेडिओ दुर्बिणीला तारा दिसला’ असं वाचल्यावर त्यातून नेमकं काय समजायचं? वारंवारता, काळ आणि ध्रुवीकरण (लहरींचं कंपन कोणत्या दिशेने होतं ते) सांगितलेलं नसेल तर जवळपास काहीच समजत नाही. का, ते पुढच्या उत्तरांमधून उलगडेल.

प्रश्न : सूर्याचे आणि ताऱ्यांचे ‘आवाज’ ऐकवणाऱ्या ध्वनिफिती फिरत असतात. रेडिओ दुर्बिणीला तोच आवाज ऐकू येतो का?

नाही. रेडिओ लहरी हा प्रकाशाचाच लांब तरंगलांबीचा प्रकार आहे आणि त्या निर्वात अवकाशातून प्रवास करतात; ध्वनीला तिथे वाटच नाही. दुर्बीण मोजते ती अँटेनात निर्माण होणारी विद्युतशक्ती. त्या आकड्यांना नंतर कोणी स्पीकरला जोडलं तर खरखर ऐकू येते, इतकंच. काही ध्वनिफिती तर रेडिओच्या नसतातच. सूर्याच्या पृष्ठभागाची काही मिनिटांच्या आवर्तनाची कंपनं वेग वाढवून ऐकवलेली असतात.

प्रश्न : सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन तापमानाचा. मग रेडिओत तो दहा लाख केल्विनचा दिसतो असं का म्हणतात? आणि दुसरीकडे १२,००० केल्विन असाही आकडा वाचला. खरा कोणता?

दोन्ही खरे आहेत, कारण ते वेगवेगळ्या थरांचे आकडे आहेत. हा प्रश्न या विषयाचं दारच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताऱ्याच्या वातावरणात इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. ज्या जागी त्यांची घनता ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असते, तिथून ठरावीक वारंवारतेखालच्या रेडिओ लहरी बाहेरच पडू शकत नाहीत. या मर्यादेला प्लाझ्मा वारंवारता म्हणतात. हिशेब सोपा आहे: एका घनसेंटिमीटरमध्ये किती इलेक्ट्रॉन आहेत ती संख्या घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ९ किलोहर्ट्झने गुणा. घनता १० कोटी असेल तर उत्तर ९० मेगाहर्ट्झ येतं, १०० कोटी असेल तर सुमारे २८५ मेगाहर्ट्झ, १,००० कोटी असेल तर ९०० मेगाहर्ट्झ. पृष्ठभागापासून वर जाल तशी घनता घटत जाते. म्हणून १०० मेगाहर्ट्झवर पाहणाऱ्याला सूर्याचं प्रभामंडळ, म्हणजे करोना, दिसतं. त्याखालचं काही दिसूच शकत नाही. करोनाचं तापमान दहा-वीस लाख केल्विन, त्यामुळे आकडाही तेवढाच येतो, आणि सूर्याची चकती डोळ्यांना दिसते त्याहून मोठी भासते. १० गिगाहर्ट्झवर शांत करोना जवळजवळ पारदर्शक असतो आणि नजर खालच्या वर्णावरणापर्यंत, म्हणजे पृष्ठभाग आणि करोना यांमधल्या थरापर्यंत, पोचते. तिथे सुमारे १२,००० केल्विन. १०० गिगाहर्ट्झच्या पुढे गेलात तर ७,००० केल्विनच्या आसपासचा, पृष्ठभागाला अगदी लागून असलेला थर दिसतो. वारंवारता वाढवत नेणं म्हणजे वातावरणात एकेक पायरी खाली उतरणं.

हे झालं शांत सूर्याचं, म्हणजे निव्वळ उष्णतेमुळे धडकणाऱ्या इलेक्ट्रॉन आणि आयनांच्या उत्सर्जनाचं. चुंबकीय क्षेत्र आलं की आणखी प्रकार सुरू होतात. इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेतो, त्याची वारंवारता दर गॉसला (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) २.८ मेगाहर्ट्झ. सौरडागांच्या वर तापलेल्या वायूत या वारंवारतेच्या दुप्पट-तिप्पट पटींवर उत्सर्जन ठळक होतं. ५ गिगाहर्ट्झवर सौरडागांवरचा एखादा भाग दहा लाख केल्विनचा झळकला, तर तिथे करोनाच्या तळाशी सुमारे ६०० गॉसचं क्षेत्र असावं असं तिसऱ्या पटीवरून निघतं. ज्वालेच्या, म्हणजे चुंबकीय ऊर्जेच्या अचानक स्फोटाच्या, वेळी इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या लक्षणीय अंशापर्यंत पोचतात आणि मग उत्सर्जन एका वारंवारतेवर न राहता सेंटिमीटर तरंगलांबीच्या रुंद पट्ट्यात पसरतं. याला जायरोसिंक्रोट्रॉन म्हणतात.

शेवटचा गट सुसंगत उत्सर्जनाचा. यात असंख्य इलेक्ट्रॉन एका लयीत ऊर्जा सोडतात आणि तापमानाचे आकडे अब्जावधी केल्विनच्याही पलीकडे जातात. हे अर्थातच खरं तापमान नव्हे. याचे दोन मार्ग आहेत. एक, प्लाझ्मा वारंवारतेवर किंवा तिच्या दुपटीवर होणारं प्लाझ्मा उत्सर्जन. दुसरा, इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन मेझर, म्हणजे गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा लेझरसारखा रेडिओ झोत. मेझरसाठी गिरक्यांची वारंवारता प्लाझ्मा वारंवारतेहून बरीच मोठी असावी लागते. १०० कोटी इलेक्ट्रॉनांच्या घनतेत १०० गॉसचं क्षेत्र असेल तर दोन्ही वारंवारता जवळपास सारख्या, २८०-२८५ मेगाहर्ट्झ येतात. म्हणजे अट पुरी होत नाही. सूर्यासारख्या ताऱ्यांच्या करोनात बहुतेक जागी अशीच स्थिती असते. किलोगॉस क्षेत्रं बाळगणाऱ्या लाल बटू ताऱ्यांमध्ये मेझर इतका सहज का आढळतो, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

प्रश्न : आपला सूर्य १० पार्सेकवर (सुमारे ३३ प्रकाशवर्षांवर) नेऊन ठेवला तर आजच्या दुर्बिणींना तो रेडिओत दिसेल का?

गणितच करू. सूर्याची रेडिओ फ्लक्स, म्हणजे आपल्यापर्यंत पोचणाऱ्या रेडिओ ऊर्जेचं प्रमाण, ‘सोलर फ्लक्स युनिट’मध्ये मोजतात. एक युनिट म्हणजे १०,००० जान्स्की, आणि एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १०चा उणे २६वा घात इतके वॅट. शांत सूर्य १० गिगाहर्ट्झवर सुमारे २५० युनिट देतो, म्हणजे २५ लाख जान्स्की.

सूर्य आपल्यापासून एका खगोलीय एककावर आहे. १० पार्सेक म्हणजे सुमारे २०.६ लाख खगोलीय एककं. अंतराच्या वर्गाने भागायचं, म्हणजे सुमारे ४.२५ लाख कोटींनी. उरतात ०.६ मायक्रोजान्स्की.

आता दुर्बिणीची बाजू पाहा. अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बीण-समूहाच्या २७ अँटेना या पट्ट्यात साडेतीन-चार गिगाहर्ट्झ बँडविड्थ वापरून तासाभरात साधारण २.५ मायक्रोजान्स्कीच्या पार्श्वगोंगाटापर्यंत पोचतात. खात्रीने ‘दिसला’ म्हणायला गोंगाटाच्या पाचपट संकेत लागतो. म्हणजे गोंगाट ०.१२ मायक्रोजान्स्कीपर्यंत खाली आणायला हवा, अंदाजे २१ पटींनी कमी. गोंगाट वेळेच्या वर्गमुळाने घटतो, म्हणून वेळ २१ पट नव्हे तर २१च्या वर्गाइतकी पट लागते: ४०० तासांहून जास्त. एका शांत ताऱ्यासाठी एवढा वेळ कोणी देत नाही. आणि दिला तरी इतक्या लांब निरीक्षणात अँटेनांच्या मोजमापातल्या बारीक चुका आणि शेजारच्या ठळक स्रोतांचे अवशेष गोंगाटाला वर्गमुळाच्या नियमाने खाली जाऊ देत नाहीत.

तोच सूर्य अल्फा सेंटॉरीच्या १.३४ पार्सेक अंतरावर ठेवा. फ्लक्स ३३ मायक्रोजान्स्की होते, आणि हे काही अवघड नाही. फक्त अल्फा सेंटॉरी दक्षिणेला इतका खाली आहे की व्हीएलएच्या क्षितिजावर तो येतच नाही. त्यातले दोन्ही मुख्य तारे ऑस्ट्रेलियातल्या कॉम्पॅक्ट अॅरेने १७ गिगाहर्ट्झवर आणि चिलीतल्या अल्माने मिलिमीटर तरंगलांबींवर टिपले आहेत.

प्रश्न : म्हणजे सूर्यासारखे इतर तारे रेडिओत खरोखर सापडले आहेत का? कोणते?

सापडले आहेत, आणि दोन अगदी वेगळ्या वाटांनी.

पहिली वाट तरुण, चपळ ताऱ्यांची. १९८१ साली गॅरी आणि लिन्स्की यांनी व्हीएलएवर ६ सेंटिमीटर तरंगलांबीत मृगातल्या काय-१ ओरायनिस या ताऱ्याकडून ज्वालेविना येणारं उत्सर्जन जाहीर केलं. १९९०च्या दशकात ग्यूडेल आणि सहकाऱ्यांनी आणखी काही जी-वर्गीय (सूर्याच्या वर्गाचे) तारे या यादीत आणले. त्यातला ईके ड्रॅकोनिस हा नमुन्यादाखल पाहण्यासारखा आहे. तो सूर्याइतक्याच वजनाचा, पण वय सुमारे १० कोटी वर्षं, आणि स्वतःभोवतीची फेरी तीन दिवसांच्या आत. अशा वेगाने फिरणाऱ्या ताऱ्याचा चुंबकीय डायनॅमो जोरदार चालतो, करोना एक कोटी केल्विनपर्यंत तापतो आणि वेगवान इलेक्ट्रॉनांचा पुरवठा जवळपास अखंड राहतो.

ग्यूडेल आणि बेंझ यांनी १९९३ साली एक उपयुक्त नातं दाखवलं: अशा सक्रिय ताऱ्यांची क्ष-किरण तेजस्विता (अर्ग प्रति सेकंद) भागिले रेडिओ तेजस्विता (अर्ग प्रति सेकंद प्रति हर्ट्झ) हा भागाकार १०च्या १५.५व्या घाताजवळ येतो. ईके ड्रॅकोनिसची क्ष-किरण तेजस्विता १०च्या ३०व्या घाताच्या घरात आणि अंतर ३४ पार्सेक धरलं, तर रेडिओ फ्लक्स २३० मायक्रोजान्स्कीच्या आसपास निघते. म्हणजे सूर्याच्या या जुळ्या भावाला पाहायला तासही लागत नाही. मात्र हे सूत्र शांत ताऱ्यांना लावू नका. शांत सूर्याच्या बाबतीत त्यातून येणारा आकडा मोजलेल्या फ्लक्सशी जुळेलच असं नाही, कारण तिथे वेगवान इलेक्ट्रॉनांचं उत्सर्जन नसून वर्णावरणाचं साधं उष्ण उत्सर्जन असतं.

दुसरी वाट म्हाताऱ्या, शांत आणि जवळच्या ताऱ्यांची. २०१४ साली व्हीएलएने ३४.५ गिगाहर्ट्झवर टाऊ सेटी, ईटा कॅसिओपिया ए आणि ४० एरिडानी ए या ताऱ्यांचं उष्ण उत्सर्जन टिपलं. एवढी उंच वारंवारता निवडण्यामागे कारण आहे. तापमान तेच असेल तर उष्ण उत्सर्जन वारंवारतेच्या वर्गाने वाढतं. टाऊ सेटीची चकती आकाशात सुमारे २ मिलिआर्कसेकंद रुंद आहे (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग, मिलिआर्कसेकंद त्याचा हजारावा). तिचा घनकोन (आकाशात व्यापलेलं क्षेत्र) काढा, तापमान १०,००० केल्विन धरा, तरंगलांबी ८.७ मिलिमीटर घ्या. (दोन गुणिले बोल्ट्झमान स्थिरांक गुणिले तापमान, भागिले तरंगलांबीचा वर्ग, गुणिले घनकोन.) उत्तर २७-२८ मायक्रोजान्स्की येतं, आणि प्रत्यक्ष मोजलेली फ्लक्स याच्या अगदी जवळ आहे. ३ गिगाहर्ट्झवर तोच १०,००० केल्विनचा तारा जेमतेम ०.२ मायक्रोजान्स्की देईल. त्यामुळे एखाद्या निरीक्षणात ‘शांत तारा दिसला नाही’ असं असेल तर आधी कोणत्या पट्ट्यात पाहिलं ते बघावं.

प्रश्न : मी पदव्युत्तर विद्यार्थी आहे. सार्वजनिक रेडिओ सर्वेक्षणाच्या प्रतिमेत एका जवळच्या जी-वर्गीय ताऱ्याच्या जागी ठिपका दिसतो. तो ताऱ्याचाच आहे हे कसं ठरवू?

सुरुवात ताऱ्याच्या जागेपासून करा, कारण निम्मे दावे इथेच कोसळतात. जवळचे तारे आकाशात दरवर्षी सरकतात. त्याला निजगती म्हणतात. ४० एरिडानीची निजगती वर्षाला ४.१ आर्कसेकंद आहे. यादीत २००० सालची जागा दिलेली असेल आणि प्रतिमा २०२३ची असेल, तर तारा ९४ आर्कसेकंद सरकलेला असतो. ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या तिसऱ्या यादीतल्या जागा २०१६च्या आहेत. तिथून मोजलं तरी फरक सुमारे २९ आर्कसेकंदांचा पडतो. व्हीएलएच्या २ ते ४ गिगाहर्ट्झ आकाश सर्वेक्षणाची विभेदनक्षमता अडीच आर्कसेकंद आहे, म्हणजे तुम्ही चक्क शेजारचीच जागा पाहत असाल. ‘जे२०००’ हा शब्द निर्देशांकांच्या चौकटीचा आहे, जागेच्या तारखेचा नाही. दोन्हींची गल्लत फार होते. निरीक्षणाच्या तारखेपर्यंत निजगती आणि लंबन (पृथ्वी सूर्याभोवती फिरल्यामुळे ताऱ्याची भासणारी सरक) दोन्ही लावून मगच तुलना करा.

याचा उलटा उपयोगही होतो. दोन-तीन वर्षांच्या अंतराने घेतलेल्या प्रतिमा असतील तर ठिपका ताऱ्याबरोबर सरकतो का ते पाहा. सरकला तर तो पार्श्वभूमीवरची आकाशगंगा नक्कीच नव्हे. याच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

मग योगायोगाची शक्यता काढा. समजा सर्वेक्षणात दर चौरस अंशाला ६० स्रोत आहेत आणि तुम्ही २ आर्कसेकंद त्रिज्येत जुळणी करता आहात. एका ताऱ्यामागे फसवी जुळणी होण्याची शक्यता सुमारे एक लाखात सहा. नगण्य वाटते, पण हीच जुळणी १०,००० ताऱ्यांवर चालवली तर सरासरी ०.६ खोट्या जुळण्या अपेक्षित आहेत. तुमच्या हाती लागलेला एकुलता एक ठिपका तोच असू शकतो. म्हणून अहवालात किती तारे तपासले ती संख्या लिहायलाच हवी.

तारा जोडतारा आहे का, हे पुढचं. वर उल्लेख केलेल्या काय-१ ओरायनिसला लाल बटूचा साथीदार आहे आणि तो सुमारे १४ वर्षांत फेरी पुरी करतो. लाल बटू रेडिओत बोलके असतात, त्यामुळे उत्सर्जन दोघांपैकी कोणाचं हे विचारणं भाग पडतं. साथीदार माहीत नसला तरी गायाच्या नोंदीत जागेच्या जुळणीतली त्रुटी नेहमीपेक्षा मोठी दिसत असेल तर सावध व्हा.

आता ध्रुवीकरण. दूरच्या आकाशगंगांचं उत्सर्जन वर्तुळाकार ध्रुवीत जवळजवळ नसतं. म्हणून वर्तुळाकार ध्रुवीकरणाची वेगळी प्रतिमा काढली की आकाश रिकामं होतं आणि जे उरतं ते बहुधा तारे किंवा पल्सार. दहा टक्क्यांच्या वर वर्तुळाकार ध्रुवीकरण हा ताऱ्याच्या बाजूने चांगला पुरावा आहे. पण अँटेना स्वतःच थोडं खोटं ध्रुवीकरण तयार करते. डाव्या-उजव्या ध्रुवीकरणांचे झोत आकाशात किंचित वेगळ्या दिशांना रोखलेले असतात आणि दृश्यक्षेत्राच्या कडेला ही गळती टक्क्यांमध्ये मोजावी लागते. तपासणी सोपी आहे: त्याच प्रतिमेतले, केंद्रापासून साधारण तेवढ्याच अंतरावरचे ठळक स्रोत घ्या आणि त्यांचं वर्तुळाकार ध्रुवीकरण किती येतं ते पाहा. त्यांचंही दोन टक्के येत असेल तर तुमच्या ठिपक्याचे तीन टक्के निरर्थक आहेत.

शेवटी माहितीचे काळानुसार तुकडे करून पुन्हा प्रतिमा काढा. आठ तासांच्या निरीक्षणात सगळी फ्लक्स वीस मिनिटांतच आलेली असेल तर तो स्फोट आहे, स्थिर उत्सर्जन नव्हे. सरासरी प्रतिमेतला आकडा मग फसवा ठरतो, कारण खरी उंची त्याच्या चोवीसपट असते. कमी वारंवारतेवर काम करत असाल, जसं युरोपातल्या लोफार किंवा पुण्याजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या खालच्या पट्ट्यांत, तर आयनांबरामुळे (पृथ्वीच्या वातावरणातल्या विद्युतभारित थरामुळे) स्रोत जागेवरून हलतात. ताऱ्याभोवतीच्या इतर स्रोतांच्या जागा आधी तपासून, सरासरी सरक वजा करूनच निजगतीचा दावा करा.

प्रश्न : उत्सर्जन उष्ण आहे की ज्वालेतल्या वेगवान इलेक्ट्रॉनांचं, हे एका आकड्यावरून सांगता येतं का?

एका आकड्यावरून नाही, पण एका आकड्याने सुरुवात होते. फ्लक्स आणि ताऱ्याची त्रिज्या घेऊन वरच्याच सूत्राने तेजस्विता-तापमान (एवढी फ्लक्स द्यायला चकती किती तापलेली असावी लागेल ते) उलट काढा. १०,००० ते ३०,००० केल्विन आलं आणि वारंवारतेबरोबर फ्लक्स वाढत असेल तर वर्णावरण. दहा लाख ते काही कोटी आलं तर करोना किंवा जायरोसिंक्रोट्रॉन. इथे ध्रुवीकरण आणि वर्णपट हवाच. हजारो कोटींच्या पलीकडे गेलं तर सुसंगत उत्सर्जनच. उत्सर्जन सगळ्या चकतीतून येतं असं आपण गृहीत धरलेलं असतं, हे विसरू नका. ते प्रत्यक्षात चकतीच्या शतांश भागातून येत असेल तर खरा आकडा शंभरपट मोठा होतो. म्हणून असं तापमान नेहमी ‘किमान एवढं’ म्हणून वाचावं.

प्रश्न : रेडिओ स्फोट दिसला म्हणजे ताऱ्याने सूर्यासारखा वायूचा लोळ बाहेर फेकला, असं म्हणता येईल का? ग्रहांच्या वातावरणासाठी ते महत्त्वाचं म्हणतात.

महत्त्वाचं आहेच, आणि म्हणूनच घाईने म्हणू नये. सूर्यावर रेडिओ स्फोटांचे प्रकार त्यांची वारंवारता काळाबरोबर कशी सरकते यावरून ओळखतात. वायूचा लोळ करोनातून वर जाताना पुढे धक्कालहर ढकलतो. ती वर जाईल तशी भोवतालची घनता घटते, प्लाझ्मा वारंवारता उतरते, आणि उत्सर्जन उंच वारंवारतेकडून खालच्या वारंवारतेकडे घसरत येतं. हा दुसरा प्रकार. तिसऱ्या प्रकारात धक्कालहरीच्या जागी इलेक्ट्रॉनांचा झोत असतो, प्रकाशवेगाच्या दहा ते तीस टक्के वेगाचा.

घसरणीचा दर काढायला वारंवारता गुणिले वेग, भागिले घनतेच्या उतरणीच्या लांबीची दुप्पट. १५० मेगाहर्ट्झ, १,००० किलोमीटर प्रति सेकंद आणि उतरणीची लांबी १ लाख किलोमीटर धरली, तर दर सेकंदाला ०.७५ मेगाहर्ट्झ. लोफारचा १२० ते १६८ मेगाहर्ट्झचा पट्टा असा संकेत सुमारे मिनिटभरात पार करेल. इलेक्ट्रॉन झोताचा वेग १ लाख किलोमीटर प्रति सेकंद धरा. तोच पट्टा तो दोन तृतीयांश सेकंदात ओलांडतो. तुमची माहिती आठ सेकंदांच्या सरासरीने साठवलेली असेल तर घसरण पुसली जाते आणि सगळा पट्टा एकदम उजळल्यासारखा दिसतो. घसरण दिसली नाही म्हणजे ती नव्हती, असा निष्कर्ष तेव्हा काढता येत नाही.

घसरण दिसली तरी मेझरमुळेही तशी रेघ उमटू शकते: तारा फिरतो, झोताची दिशा बदलते, वारंवारता सरकते. मेझरच्या रेघा बहुधा जवळपास पूर्ण वर्तुळाकार ध्रुवीत असतात आणि ताऱ्याच्या फेरीबरोबर परत येतात. म्हणून किमान दोन-तीन फेऱ्या नजर ठेवल्याशिवाय ‘लोळ’ हा शब्द वापरू नये असं आमचं ठाम मत आहे. २०२५ साली लोफारच्या माहितीतून एका ताऱ्याकडून आलेला दुसऱ्या प्रकारचा खराखुरा स्फोट प्रसिद्ध झाला, पण तो तारा लाल बटू आहे. सूर्यासारख्या ताऱ्यावरून घेतलेला धडा म्हणून तो वाचू नका.

फ्लक्सच्या दृष्टीने मात्र आशा आहे. ६ डिसेंबर २००६ रोजी सूर्यावर १.४ गिगाहर्ट्झजवळ दहा लाख युनिटांहून मोठा स्फोट झाला. पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूवरचे जीपीएस ग्राहक त्याने अडखळले. तोच स्फोट १० पार्सेकवरून २ मिलिजान्स्कीहून जास्त दिसेल, आणि आजच्या मोठ्या दुर्बिणींना हे मिनिटांचं काम आहे. अडचण प्रसंगांच्या दुर्मिळतेची आहे. १० पार्सेकच्या आत जी-वर्गीय तारे फक्त वीसच्या आसपास आहेत आणि असे स्फोट सूर्यावरही क्वचितच होतात. योग्य क्षणी योग्य ताऱ्याकडे दुर्बीण वळलेली असणं, हेच मुख्य अडतं.

प्रश्न : घरच्या डिशवर यातलं काही करता येईल का?

इतर तारे नाहीत. सूर्य मात्र नक्की, आणि त्यातून मोजमापाची शिस्त पक्की अंगवळणी पडते.

६० सेंटिमीटरची ऑफसेट डिश, ९.७५ गिगाहर्ट्झ लोकल ऑसिलेटरचा केयू बँड एलएनबी (डिशच्या नाभीवरचा, संकेत वाढवून खालच्या वारंवारतेवर आणणारा भाग), बायस-टी (केबलमधूनच एलएनबीला वीज देणारा जोड), १३ व्होल्टचा स्थिर वीजपुरवठा आणि आरटीएल-एसडीआर (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ ग्राहक) एवढं पुरतं. आरटीएल-एसडीआरमधला बायस-टी ४.५ व्होल्टच देतो, त्यावर एलएनबी चालत नाही, वेगळा हवा. बायस-टी उलटा जोडला तर १३ व्होल्ट थेट एसडीआरच्या तोंडात जातात आणि तो जळतो. जोडण्याआधी मल्टिमीटरने एसडीआरच्या बाजूला शून्य व्होल्ट असल्याची खात्री करा. एलएनबी १०.७ गिगाहर्ट्झला ९५० मेगाहर्ट्झवर उतरवतो. उपग्रहांच्या वाहिन्या नसलेला एखादा रिकामा भाग शोधून तिथेच थांबा. आपोआप गेन (संकेत वाढवण्याचं प्रमाण) बदलणारी सोय बंद करा. ती चालू राहिली तर सूर्य समोर आला की ग्राहक गेन कमी करतो आणि आलेख सपाट राहतो. बहुतेकांचं पहिलं निरीक्षण याच कारणाने वाया जातं. एलएनबी अर्धा तास तापू द्या, नाहीतर त्याच्या बदलत्या गेनचाच आलेख हाती येतो.

डिश सूर्यावर रोखताना सूर्याकडे पाहू नका. डिशवर आरशाचे दोन-तीन लहान तुकडे चिकटवा. त्यांचे कवडसे एलएनबीच्या तोंडावर पडले की दिशा बरोबर. जास्त तुकडे लावले किंवा डिशचा पृष्ठभाग चकचकीत असला तर एलएनबीचं प्लॅस्टिक वितळतं.

आधी डिश जमिनीकडे वळवून शक्ती मोजा (सुमारे २९० केल्विन), मग मोकळ्या आकाशाकडे (सुमारे १० केल्विन). समजा गुणोत्तर ३ आलं. २९० मधून ३ गुणिले १० वजा करा, २ ने भागा: ग्राहकाचं तापमान १३० केल्विन. आता डिश सूर्याच्या किंचित पश्चिमेला रोखून स्थिर ठेवा आणि सूर्याला झोतातून सरकत जाऊ द्या. शिखरावरची शक्ती आकाशाच्या २.४ पट असेल तर सूर्याने वाढवलेलं अँटेना तापमान १.४ गुणिले १४०, म्हणजे सुमारे २०० केल्विन. ६० सेंटिमीटर डिशकडून हेच अपेक्षित आहे. झोत सुमारे ३ अंश रुंद असल्याने आलेखाची निम्म्या उंचीवरची रुंदी बारा मिनिटांच्या आसपास यावी. ती बरीच जास्त आली तर एलएनबी नाभीपासून सरकलेला आहे. शिखर चपटं आलं तर गेन जास्त ठेवलंय. हाच सूर्य अल्फा सेंटॉरीच्या जागी असता तर हे २०० केल्विन केल्विनच्या काही अब्जांशांवर आले असते.

प्रश्न : खूप वेळ देऊनही तारा दिसला नाही तर ते निरीक्षण फुकट गेलं का?

मुळीच नाही. मर्यादा (फ्लक्स याहून जास्त नाही असा आकडा) नीट लिहिली तर तिच्यातून ताऱ्याच्या वाऱ्याबद्दल, म्हणजे त्याच्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या वायूबद्दल, कळतं. सूर्य दरवर्षी स्वतःच्या वस्तुमानाचा १०चा उणे १४वा घात गुणिले २ इतका भाग वाऱ्यातून गमावतो. तरुण ताऱ्याचा वारा पुष्कळ दाट असेल तर तो स्वतः उष्ण रेडिओ उत्सर्जन करतो आणि खालच्या वारंवारतांना करोनाही झाकून टाकतो. गोलाकार वाऱ्याची फ्लक्स वस्तुमान-ऱ्हासाच्या चार-तृतीयांश घाताने वाढते, आणि वारंवारतेच्या ०.६ घाताने. त्यामुळे फ्लक्सची मर्यादा दहापटींनी खाली आणली तरी वस्तुमान-ऱ्हासाची मर्यादा साडेपाच पटींनीच सुधारते. उलट बाजूने, कमी वारंवारतेवर तरुण ताऱ्याची ज्वाला दिसली की त्या उंचीपर्यंत वारा पारदर्शक आहे हे आपोआप सिद्ध होतं, आणि कित्येकदा ही मर्यादा थेट शोधापेक्षा कडक निघते.

मर्यादा लिहिताना गोंगाटाच्या तिप्पट की पाचपट, कोणती वारंवारता, किती बँडविड्थ, कोणत्या तारखेला किती तास, आणि ताऱ्याची जागा कोणत्या तारखेची धरली, हे पाचही तपशील द्या. यातला एक जरी नसला तरी दुसऱ्या कोणाला तो आकडा पुढच्या गणितात वापरता येत नाही.